मुलांना रशियनमध्ये मोजायला कसं शिकवाल?

पुण्यात लहान मुलाच्या कानावर रशियन पडायची कारणं घरोघरी वेगळी असतात. कुणाची आत्या मॉस्कोत असते, कुणाचा मामा तिकडे एमबीबीएसला गेलेला असतो. कुणाच्या आईने रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात रशियनचा सर्टिफिकेट कोर्स केलेला असतो आणि आता घरात थोडं बोललं जावं असं तिला वाटतं. सुरुवात बहुतेक आकड्यांपासून होते. ते योग्यच आहे. शब्द मोजके दहा, क्रम ठरलेला, आणि मोजायला घरात वस्तूंना तोटा नाही.

घोळ पुढे होतो. आकड्यांची रोमन लिपीतली यादी कुठून तरी उतरवून फ्रिजवर चिकटवली जाते. आठवड्याभरात मूल ती घडाघडा म्हणतं, पाहुण्यांसमोर म्हणूनही दाखवतं. मग समोर चार बिस्किटं ठेवून "स्कोल्का?" म्हणजे "किती?" असं विचारलं की गप्प बसतं. त्याचं पाठांतर झालेलं असतं, मोजणं झालेलं नसतं. खाली दिलेला क्रम मोजण्याचा आहे. साधारण साडेतीन ते सात वर्षांच्या, घरी मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी तो आहे.

आधी मराठीत बघा

वाटीत सात चिंचोके घ्या आणि मुलाला मोजायला सांगा. तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. प्रत्येक चिंचोक्याला एकदाच हात लागतो का? आकड्यांचा क्रम दर वेळी तोच राहतो का? आणि मोजून झाल्यावर "मग किती आहेत?" असं विचारलं तर ते "सात" म्हणतं, की पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं? पुन्हा मोजायला लागलं, तर शेवटचा आकडा हेच उत्तर असतं ही गोष्ट अजून त्याच्या मनात बसलेली नाही. रोशेल गेलमन आणि चार्ल्स गॅलिस्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीमागची जी तत्त्वं मांडली, त्यांतली ही तीन मुख्य.

यातलं काही कच्चं असेल तर रशियन थोडं थांबवा आणि मराठीतच खेळा. मोजण्याची समज मुलाला एकदाच यावी लागते, नंतरच्या भाषेत फक्त शब्द बदलतात. ती समज पहिल्यांदा परक्या भाषेतून द्यायचा हट्ट मला पटत नाही. मुलाच्या डोक्यावर त्याने दुप्पट ओझं पडतं.

रोमन यादी काढून टाका

रशियन उच्चारासाठी इंग्रजी अक्षरांचा रस्ता आपल्याला लांबचा पडतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना जे आवाज अवघड जातात त्यांतले बरेचसे मराठी मुलाच्या तोंडात आधीच असतात. यादी देवनागरीत लिहा:

१ अदीन, २ द्वा, ३ त्री, ४ चितीरे, ५ प्यात्, ६ षेस्त्, ७ स्येम्, ८ वोसिम्, ९ द्येवित्, १० द्येसित्. शून्याला नोल्.

चारचा 'च' हा 'चिंच'मधला. अकरापासून पुढे जो 'त्स' येतो तो 'चमचा'मधला 'च'. मराठी मूल हे दोन्ही 'च' रोज बोलतं, त्यामुळे तिथे शिकवायला काही उरत नाही. सहाच्या सुरुवातीला 'श'पेक्षा 'ष' जास्त जवळचा आहे, 'षट्कोन' नीट म्हटल्यावर येतो तसा. पहिल्या आकड्याचं रशियन स्पेलिंग 'ओ'ने सुरू होतं, पण जोर पुढच्या अक्षरावर असल्यामुळे तो 'ओ' उच्चारात 'अ' होतो. रोमन यादीवरून शिकलेली मुलं 'ओडिन' म्हणतात ती यामुळेच. 'द' आणि 'त' आपले दंत्यच ठेवायचे, 'ड' आणि 'ट' करायचे नाहीत.

खरं अवघड दोनच ठिकाणी आहे. पाच, सहा, नऊ आणि दहा यांच्या शेवटचा 'त्' मऊ असतो. 'ती' म्हणायला जीभ लावावी आणि 'ई' निघायच्या आत थांबावं, तसा. दुसरी अडचण 'चितीरे'मधल्या 'ती'ची. तो स्वर आपल्याकडे नाही. ओठ 'ई'सारखे फाकलेले ठेवून जीभ मागे ओढली की तो जमतो. मुलांना ही कृती समजावत बसू नका, त्यांना फक्त ऐकवा. कृती तुमच्यासाठी आहे, कारण मोठ्यांचीच जीभ इथे अडते.

आवाज मात्र रशियन माणसाचाच हवा. आत्याकडून किंवा तिच्या शेजारणीकडून एक ते दहा सावकाश म्हणून घेतलेला व्हॉइस मेसेज कुठल्याही ॲपपेक्षा बरा. ओळखीत कुणी नसेल तर रशियन शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाला विचारा. कार्टून नंतर दाखवा, त्यातली पात्रं फार भरभर बोलतात.

पहिले काही दिवस नुसतं ऐकणं

जिना चढताना, कुकरच्या शिट्ट्या होताना, पोळ्या डब्यात ठेवताना तुम्ही मोजा. मुलाला "तू म्हण" असं सांगू नका. पर्वतीला गेलात तर पायऱ्यांसारखी जागा नाही. एक पाऊल, एक आकडा. दहा झाले की पुन्हा अदीन. हात लावून मोजताना मूल एखादी वस्तू सोडून देतं किंवा दोनदा मोजतं, पायरी मात्र सोडता येत नाही.

इथे एक गोष्ट बऱ्याच याद्यांमध्ये नसते. रशियन माणूस तालात मोजतो तेव्हा सुरुवात 'अदीन'ने करत नाही, 'रास'ने करतो: रास, द्वा, त्री. उडी मारताना, फोटो काढताना, जड कपाट ढकलताना 'रास'च. वस्तू मोजताना आणि उत्तर देताना 'अदीन'. आपण माप टाकताना 'एक'ऐवजी 'लाभ' म्हणायचो, तेव्हा मुलांचं काही अडायचं नाही. इथेही अडत नाही. दोन्ही आपापल्या जागी वापरत राहा, समजावून सांगू नका.

तीन, मग पाच

पहिल्यांदा फक्त तीनच आकडे वापरात आणा. तीनपर्यंतच्या वस्तू मूल न मोजता, नजरेनेच ओळखतं, त्यामुळे शब्द थेट संख्येला चिकटतो. "मला द्वा चिंचोके दे." "इथे किती? त्री?" वाक्य मराठी, आकडा रशियन. या खिचडीला घाबरायचं कारण नाही. 'द्वा' आणि 'त्री' मराठी कानाला परके वाटतच नाहीत, द्वितीया आणि त्रिकोण घरात असतातच.

तीन पक्के झाले की पाच. यासाठी लपाछपी घ्या. ज्याच्यावर राज्य असेल त्याने डोळे झाकून "रास, द्वा, त्री, चितीरे, प्यात्" म्हणायचं आणि मग "या इदू इस्कात्!" म्हणजे "मी शोधायला येतोय!" रशियन मुलंही लपाछपीत हेच म्हणतात. सोसायटीतली बाकीची पोरं दोन दिवसांत हे उचलतात आणि आपल्या मुलाला घरात रशियन बोलायला एकटं वाटत नाही. हा फायदा कुठल्याही तक्त्यातून मिळत नाही.

बोटांचं मात्र सांगायला हवं. आपण अंगठ्याने पेरं मोजतो, नाहीतर मिटलेल्या मुठीतून एकेक बोट उघडतो. रशियन माणूस उलटं करतो. पंजा उघडा धरतो आणि करंगळीपासून एकेक बोट मिटत जातो, पाच झाले की मूठ वळलेली असते. मुलांना यात भारी मजा येते. शिवाय एक सोय होते: पेरं म्हणजे मराठी आणि मिटणारी बोटं म्हणजे रशियन, अशी खूण हाताला बसते आणि दोन भाषांची सरमिसळ कमी होते.

फासा

पाचापासून सहावर जायला सापशिडी किंवा लुडो काढा. फाशावरचे ठिपके न मोजता ओळखायचे आणि आकडा रशियनमध्ये म्हणायचा. मग सोंगटी चालवताना प्रत्येक घराला एक आकडा. म्हणजे एकाच चालीत ओळखणंही होतं आणि मोजणंही. षेस्त् पडला की मूल ओरडणारच, आणि ओरडून म्हटलेला शब्द विसरला जात नाही. माझ्या मते या अख्ख्या क्रमातलं सगळ्यात कामाचं साधन हेच, आणि ते घरात पडलेलंच असतं. आजी-आजोबांना खेळायला बसवा. त्यांना आकडे येत नसतील तर उत्तमच, मूल त्यांना शिकवेल.

लाकडी मत्र्योश्का बाहुली असेल तर छान. एकीच्या पोटात दुसरी, ती उघडत मोजायचं. नसेल तर एकात एक बसणारे स्टीलचे डबे तेच काम करतात, आणि पडले तर फुटत नाहीत.

सात ते दहा, आणि सिग्नल

इथे गाडी अडते. स्येम् आणि वोसिम् दोन्ही 'म्'वर संपतात. द्येवित् आणि द्येसित् यांत तर एकाच अक्षराचा फरक आहे. मुलं एक गाळतात किंवा दोघांची अदलाबदल करतात. सहा ते दहा सलग घोकून घेतलंत तर घोटाळा पक्का होतो. त्यापेक्षा जोडीतला एकच आधी पक्का करा. वोसिम् ठाऊक झाला, तो नीट रुळला, मग स्येम्. तसंच आधी द्येसित्, कारण दोन्ही हातांची बोटं संपतात तिथे तो आपोआप लक्षात राहतो. त्याच्या अलीकडचा तो द्येवित्.

उलटं मोजणं इथेच उपयोगी पडतं, कारण उलट्या क्रमात तालाचा आधार तुटतो आणि प्रत्येक आकडा आठवावा लागतो. यासाठी पुण्याच्या चौकाचौकातले सेकंद दाखवणारे सिग्नल आहेतच. लाल दिव्याचे शेवटचे दहा सेकंद स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या मुलाबरोबर म्हणायचे: द्येसित्, द्येवित्, वोसिम्, स्येम्... नोल्, आणि हिरवा लागला की "पयेखली!" म्हणजे "निघालो!" १२ एप्रिल १९६१ रोजी यान उडताना युरी गागारिन हेच म्हणाला होता. गंमत म्हणजे त्या उड्डाणाच्या वेळी दहा, नऊ, आठ अशी उलटी मोजणी झालीच नव्हती. सोव्हिएत पद्धतीत एकापाठोपाठ एक ठरलेल्या आज्ञा दिल्या जायच्या. मुलांना हे आत्ता सांगायची घाई नाही, सिग्नलचा खेळ बिघडेल.

वस्तूंची नावं जोडताना

इथवर आकडे एकटे होते. रशियन शिकलेल्या आईबापांना घाम फुटतो तो पुढे. या भाषेत आकड्याप्रमाणे नामाचं रूप बदलतं. एकाला एक रूप, दोन-तीन-चारला दुसरं, पाच ते वीसला तिसरं. दहावीला स्कोअरिंग म्हणून संस्कृत घेतलेल्यांना द्विवचन आठवत असेल. जुन्या रशियनमध्येही द्विवचन होतं, आणि दोन ते चारचा हा वेगळा कप्पा त्याचाच मागे राहिलेला अवशेष.

मुलाला नियम सांगायचा नाही. तीन नामं निवडायची आणि ती आकड्यासकट, अख्खी, खेळातून ऐकवायची. निवड आणि क्रम महत्त्वाचे.

सफरचंदापासून सुरू करा: अद्नो याब्लका, द्वा याब्लका, प्यात् याब्लक. लिहिताना पहिली दोन रूपं वेगळी, पण ऐकायला सारखीच. बदल फक्त पाचाला कळतो. सुरुवातीला एवढंच पुरे. मग केळं: अदीन बनान, द्वा बनाना, प्यात् बनानफ. इथे तिन्ही रूपं कानाला वेगळी लागतात. शेवटी मांजर: अद्ना कोश्का, द्व्ये कोश्की, प्यात् कोशिक. इथे 'द्वा'चं 'द्व्ये' झालं, कारण मांजर स्त्रीलिंगी.

लिंगाची भीती मराठी घराला नको. तो, ती, ते आपल्याकडे आहेतच, रशियनमध्येही तीनच. फरक इतकाच की तिकडे 'एक'सुद्धा लिंगाप्रमाणे बदलतो (अदीन, अद्ना, अद्नो) आणि दोनला स्त्रीलिंगी रूप वेगळं आहे. तीनपासून ही कटकट संपते.

सावंतवाडीची लाकडी फळं असतील तर ती वापरा, नाहीतर मंडईतून आणलेली खरी. खरी फळं मोजून झाल्यावर खाता येतात, त्यामुळे मोजणी उतरत्या क्रमानेही आपोआप होते. मूल "प्यात् बनान" म्हणालं तर "चुकलं" म्हणू नका. "हो, प्यात् बनानफ" असं आपल्या उत्तरात घालून पुढे जा. रशियन मुलांनाही ही रूपं हळूहळूच जमतात.

अकरा ते वीस

हा टप्पा सहाव्या वर्षाच्या आधी घेऊ नका. घेतलात तर मात्र तो वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. आपल्या अकरा, बारा, तेरामध्ये 'दहा' दिसत नाही. रशियनमध्ये दिसतो. 'नात्सत्' म्हणजे मुळात 'दहावर'. द्विनात्सत् म्हणजे दहावर दोन, त्रिनात्सत् म्हणजे दहावर तीन. दहा चिंचोक्यांची एक रांग मांडा आणि तिच्यावर दुसरी रांग चढवत जा. शब्दाचा अर्थ जमिनीवरच मांडलेला दिसतो.

अदीनत्सत्, द्विनात्सत्, त्रिनात्सत्, चितीर्नत्सत्, पितनात्सत्, षिस्नात्सत्, सिमनात्सत्, वसिमनात्सत्, दिवितनात्सत्, द्वात्सत्.

जोर बहुतेकांत 'ना'वर येतो. अकरा आणि चौदा एवढेच अपवाद, तिथे तो आधी 'दी' आणि 'ती'वर पडतो. वीसमध्ये तो 'द्वा'वर. हे नियम म्हणून न शिकवता टाळी वाजवून म्हणा, टाळी जोरावर पडली पाहिजे.

आणि आपलं एकोणीस! मराठीत एकोणीस म्हणजे वीसला एक कमी. रशियनमध्ये तो सरळ दहावर नऊ. मराठीत अठरानंतर अडखळणारं मूल इथे अडखळत नाही.

विसाच्या पुढे

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा किती गदारोळ झाला होता ते आठवत असेल. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्याची बाजू मांडली होती. बोलताना एकक आधी आणि लिहिताना दशक आधी, म्हणून मूल 'पंचवीस' ऐकून ५२ लिहितं, ही अडचण खरी आहे. रशियन ती वाटच घेत नाही. द्वात्सत् अदीन, द्वात्सत् द्वा, त्रीत्सत् प्यात्: सरळ वीस एक, वीस दोन, तीस पाच. दुसरीतल्या मुलाला "पुस्तकातल्या 'वीस एक'सारखं" एवढं सांगितलं की पुरतं.

दशकांत दोन अडेलतट्टू आहेत. चाळीस म्हणजे सोरक, याचा चारशी काही मेळ लागत नाही. नव्वद म्हणजे दिविनोस्ता. शंभर म्हणजे स्तो. बाकीची दशकं गरज पडेल तशी येतील, ती पाठ करून घेण्यात हशील नाही.

लिहिणं

रशियन अंक म्हणजे शाळेतले इंग्रजी माध्यमातले अंकच. मूल आधीच देवनागरी अंक आणि ते अंक अशी दोन वळणं शिकत असतं, तिसरं शिकायचं नाही ही चांगली बातमी. हाताने लिहिलेल्या सातला मधे आडवी रेघ दिसेल, तेवढं दाखवून ठेवा. रशियन अक्षरं मात्र आत्ता आणू नका. त्यांतलं एक अक्षर हुबेहूब इंग्रजी तीनसारखं दिसतं आणि 'जहाज'मधल्या 'ज'च्या जवळचा आवाज देतं. दुसरं चारसारखं दिसतं आणि त्याचा उच्चार 'च'. चितीरे त्याच अक्षराने सुरू होतो, त्यामुळे मोठ्यांना ती खूण फार आवडते, पण अंक अजून गिरवणारं मूल गोंधळतं. सातव्या वर्षानंतर बघा.

वेळ किती द्यायचा

दिवसातून पाच-सात मिनिटं, तीही कामाच्या ओघात. मुलाने "एक, द्वा, तीन" असं मिसळून मोजलं तरी संख्या बरोबर आली की झालं. मराठीत उत्तर दिलं तर तेही बरोबर धरा आणि रशियन आकडा आपण म्हणा. पाहुण्यांपुढे "म्हणून दाखव" मात्र कटाक्षाने टाळा. त्यात मूल यादी म्हणायला शिकतं आणि आपण पुन्हा फ्रिजवरच्या कागदापाशी येतो. महिनाभर सहापाशीच रेंगाळलात तरी बिघडत नाही. मूल कंटाळलं तर आठवडाभर सोडून द्या, सापशिडी कुठे जात नाही.

वय सांगणं

मुलाला रशियन माणूस पहिला प्रश्न वयाचाच विचारणार: "स्कोल्का तिब्ये ल्येत?" म्हणजे "तुला किती वर्षं?" उत्तराची घडण मराठीसारखीच आहे. "मला पाच वर्षं" म्हणजे "म्न्ये प्यात् ल्येत". पण चार वर्षांच्या मुलाने "म्न्ये चितीरे गोदा" म्हणायचं. दोन ते चारला 'गोदा', पाचापासून 'ल्येत', तोच मघाचा हिशोब. म्हणून पाचव्या वाढदिवसाला वाक्य बदलावं लागतं, आणि मुलांना हा बदल मोठं झाल्याच्या पुराव्यासारखा वाटतो. केकवरच्या मेणबत्त्या मोजून झाल्या की लगेच आत्याला व्हिडिओ कॉल लावा आणि नवीन वाक्य म्हणू द्या.

एखाद्या रशियन बाईंकडे मुलाला घेऊन जाणार असाल तर फुलं त्यालाच मोजू द्या. तीन, पाच किंवा सात. आपण पाकिटात एक्कावन्न किंवा एकशे एक घालतो तशी तिकडेही भेटीच्या फुलांची संख्या विषमच असते. सम संख्येत फुलं अंत्यविधीला नेतात. मंडईत फुलवाल्याने प्रेमाने एक जास्तीचं दिलं तर ते घरी ठेवा.